पोट बिघडलेल्या मांजराला औषध कसं द्यायचं

मांजराला जुलाब लागले किंवा ते सारखं ओकायला लागलं की घरात दोन गोष्टी होतात. कुणीतरी औषधांचा डबा उघडतं, आणि कुणीतरी मांजराच्या आवडत्या खाण्यात गोळी कुस्करून वाटी पुढ्यात ठेवतं. पहिल्या गोष्टीने मांजराचा जीव जाऊ शकतो. दुसरीने जीव जात नाही, पण मळमळणारं मांजर ते खाणं हुंगतं, तोंड फिरवतं आणि बरं झाल्यावरही बरेच दिवस त्याला शिवत नाही. धडधाकट मांजराला जंताची गोळी चारणं आणि पोट बिघडलेल्याला औषध देणं ही वेगवेगळी कामं आहेत. इथे आधी मळमळ थांबवायची, मग बाकीची औषधं, मग खाणं. एवढा क्रम पाळला तरी निम्मी झटापट वाचते.

घरातला औषधांचा डबा बंदच ठेवा

आपण ताप आला की सर्रास घेतो ती पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी ४ किलोच्या मांजराला मारायला पुरते. हे औषध निकामी करून बाहेर टाकणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात फार दुबळी असते. त्यामुळे रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. ‘लहान मुलांचं सिरप आहे, सौम्य असतं’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. औषध तेच असतं. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक या दुखण्यावरच्या गोळ्यांनी मांजराची मूत्रपिंडं आणि जठर यांची वाट लागते. हे औषध दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं झपाट्याने संपायला लागली म्हणून डायक्लोफेनॅकवर २००६ साली जनावरांसाठी बंदी आली, पण माणसांच्या पाठदुखीसाठी ते आजही घराघरात असतं.

जुलाब बांधणाऱ्या गोळ्याही नकोत. लोपेरामाइडने काही मांजरं सुस्त होण्याऐवजी पिसाळल्यासारखी वागतात, आणि पोटातली घाण बाहेर पडायची ती आतच राहते. मागच्या वेळचं उरलेलं, शेजारच्या कुत्र्याचं, ‘हेच तर दिलं होतं’ म्हणून आणलेलं अँटिबायोटिक तर अजिबात नको. एन्रोफ्लॉक्सॅसिन कुत्र्याला ज्या मात्रेत चालतं त्या मात्रेत मांजराच्या डोळ्यांचा पडदा खराब होऊन कायमचं अंधत्व येऊ शकतं.

आजीच्या बटव्याचंही तेच. बाळाला उगाळून देतो ते जायफळ, ओव्याचा अर्क, पुदिन्याचं किंवा निलगिरीचं तेल यातलं काहीही मांजराला चाटवू नका. माणसाच्या बाळाला सोसतं ते मांजराला सोसेलच असं नाही, आणि बहुतेक वेळा सोसत नाहीच.

औषधाची वाट न बघता कधी निघायचं

एखादी उलटी झाली, एक-दोनदा पातळ शी झाली, पण मांजर खेळतंय, खातंय, अंग चाटतंय, तर एक दिवस लक्ष ठेवायला हरकत नाही. पुढच्या गोष्टींमध्ये मात्र घरी गोळ्या-सिरपांचे प्रयोग करत बसू नका.

लस न घेतलेलं पिल्लू ओकतंय, जुलाब होताहेत आणि कोपऱ्यात बसून राहिलंय, तर पॅनल्युकोपेनिया या विषाणूजन्य आजाराची शंका घ्यायची आणि त्याच तासाला निघायचं. या आजारात पिल्लं एका दिवसात हातची जातात. मोठं मांजर पाणीसुद्धा ओकतंय, शी डांबरासारखी काळी आहे किंवा तिच्यात बरंच रक्त आहे, हिरड्या पांढऱ्या किंवा पिवळ्या दिसताहेत, अंग गार लागतंय, २४ तासांत काहीच खाल्लेलं नाही, तरीही निघायचं. लिलीची फुलं असलेला पुष्पगुच्छ घरात आला असेल आणि मांजर ओकत असेल, तर फुलं चावलेली दिसोत न दिसोत, डॉक्टरांना आधी तेच सांगायचं. खऱ्या लिलीचे परागकण अंगावर पडून चाटले गेले तरी मूत्रपिंडं बंद पडू शकतात.

दोऱ्याची गोष्ट वेगळी सांगायला हवी. संक्रांतीचा मांजा, गजऱ्याचा दोरा, राखीची जर, शिवणाच्या डब्यातली रीळ. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेने वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही, तो आत-आतच जातो. तोंडातून किंवा मागून दोऱ्याचं टोक लोंबताना दिसलं तर ओढू नका. आत ताणलेला दोरा आतडं करवतीसारखा कापतो. टोक तसंच राहू द्या आणि दवाखाना गाठा.

आणि बोका लिटरमध्ये, म्हणजे शी-शूच्या वाळूत, पुन्हा पुन्हा बसतोय, कुंथतोय, पण काही येत नाही, हे बघून ‘पोट साफ होत नाहीये’ असं ठरवू नका. बहुतेकदा त्याची लघवी अडलेली असते. नर मांजराची लघवी पूर्ण अडली तर एक-दोन दिवसांत जीव जातो, आणि बद्धकोष्ठावरचं औषध देण्यात नेमका तोच वेळ वाया जातो.

अंगातलं पाणी किती कमी झालंय हे घरी साधारण कळतं. ओठ वर करून हिरडीला बोट लावा: ओलसर-गुळगुळीत लागली तर ठीक, बोट चिकटलं तर पाणी कमी झालंय. खांद्यांमधली कातडी चिमटीत उचलून सोडा, ती लगेच जागेवर बसायला हवी. म्हाताऱ्या किंवा रोड मांजराची कातडी तशीही सैल असते, त्यामुळे तिथे हिरडीवर जास्त भरवसा ठेवा.

दवाखान्यात काय न्यायचं, काय विचारायचं

ताज्या शीचा नमुना न्या. मेडिकलमध्ये मिळते ती झाकणाची प्लॅस्टिकची डबी त्यासाठी बरी. ओकारीचा फोटो आणि ओकतानाचा व्हिडिओ काढून ठेवा, कारण ‘ओकतंय’ म्हणून आणलेली काही मांजरं प्रत्यक्षात खोकत असतात. दिवसातून अनेकदा थोडी थोडी शी, तिच्यात शेंबडासारखी बुळबुळ आणि लाल रक्ताचा ठिपका, हे मोठ्या आतड्याचं दुखणं. मोजक्या वेळा पण भरपूर पातळ शी आणि वजन उतरणं, हे लहान आतड्याचं. डॉक्टरांना हा फरक सांगितलात तर तपासण्या कमी लागतात. लस कधी झाली आणि जंताचं औषध कधी दिलं, या तारखाही हाताशी असू द्या.

आता मुख्य विनंती. औषधांची चिठ्ठी हातात घेण्यापूर्वी डॉक्टरांना म्हणा, “मळमळीचं इंजेक्शन इथेच देता येईल का?” मारोपिटंट किंवा ऑन्डान्सेट्रॉन इंजेक्शनने गेलं की घरी पोचेपर्यंत मांजराचं पोट थोडं शांत झालेलं असतं, आणि तोंडाने दिलेली पहिली गोळी पोटात राहण्याची शक्यता कितीतरी वाढते. ओकणाऱ्या मांजराला उलटीची गोळी तोंडाने देऊन ती ओकली की दुसरी द्यायची, या फेऱ्यात कशाला पडायचं?

चिठ्ठीतल्या प्रत्येक औषधाबद्दल विचारून घ्या: खाण्याआधी की नंतर, गोळी तोडली तर चालेल का, कुटली तर चालेल का, चव कडू आहे का, पातळ मिळेल का, आणि मिली नेमके किती. अँटिबायोटिक लिहिलं असेल तर ते कशासाठी, हेही विचारा. यात डॉक्टरांचा अपमान वगैरे काही होत नाही. खात्यापित्या मांजराच्या साध्या जुलाबांना बऱ्याचदा अँटिबायोटिक लागतच नाही. जिआर्डिया या आतड्यातल्या परजीवीसारखं नेमकं कारण सापडलं तर गोष्ट वेगळी.

खाजगी दवाखाना परवडत नसेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यांत जरूर विचारा. मुंबईत परळचं महाविद्यालय १८८६ सालापासून आहे, आणि त्याच भागातलं जनावरांचं जुनं रुग्णालय आजही ‘बैलघोडा’ याच नावाने ओळखलं जातं. शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथेही महाविद्यालयं आहेत.

मोजमाप: इथे घाई करू नका

आधी वजन. मांजराला उचलून वजनकाट्यावर उभे राहा, मग एकट्याने, आणि वजाबाकी करा. पिल्लांसाठी स्वयंपाकघरातला काटा जास्त अचूक, त्यावर एक डबा ठेवून शून्य करायचा आणि पिल्लू डब्यात ठेवायचं.

चमचा विसरा. मांजराचा डोस बऱ्याचदा १ मिलीच्या आत असतो, आणि दोन घरांतले चमचे सारखे नसतात. मेडिकलमधून १ आणि ५ मिलीच्या सिरिंज आणा, सुई काढून टाका. एक सावधगिरी: दुकानदार कधी कधी १ मिलीची म्हणून इन्सुलिनची सिरिंज देतो. तिच्यावरच्या खुणा मिलीच्या नसतात, युनिटच्या असतात. आपल्याकडे मिळणाऱ्या ४० च्या सिरिंजमध्ये ४० युनिट म्हणजे १ मिली. म्हणजे १० च्या खुणेपर्यंत भरलं तर औषध ०.२५ मिली, आणि १०० च्या सिरिंजमध्ये तीच १० ची खूण ०.१ मिली. शिवाय तिची सुई बऱ्याचदा निघतच नाही. ती परत करा आणि मिलीच्या खुणांची साधी सिरिंज मागा.

मिलिग्रॅम आणि मिली यांचा घोळही नेहमीचा. समजा डॉक्टरांनी ऑन्डान्सेट्रॉन २ मिलिग्रॅम सांगितलं (हा हिशेब समजावा म्हणून घेतलेला आकडा आहे, तुमच्या मांजराचा डोस नव्हे) आणि बाटलीवर ‘५ मिलीमध्ये २ मिलिग्रॅम’ लिहिलंय. म्हणजे ५ मिली सिरप पाजायचं. आधीच मळमळणाऱ्या मांजराच्या तोंडात ५ मिली गोड सिरप! त्यापेक्षा ४ मिलिग्रॅमच्या गोळीचा अर्धा तुकडा कितीतरी सोपा. ‘पातळ म्हणजे सोपं’ हे दर वेळी खरं नसतं. आकडे मांडून बघा आणि डॉक्टरांना विचारून बदलून घ्या.

गोळ्या तोडायला मेडिकलमध्ये छोटा कटर मिळतो, तोच वापरा. सुरीने पाव तुकडा करायला गेलं की अर्धी गोळी ओट्याखाली जाते. पँटोप्राझोलसारख्या, वर कवच असलेल्या गोळ्या मात्र विचारल्याशिवाय तोडू किंवा कुटू नका. जठरातल्या आम्लापासून औषध वाचावं म्हणून ते कवच असतं, ते फुटलं की औषध वाया.

दिवसाचा क्रम लावून घ्या

चिठ्ठीत तीन-चार औषधं असली की माणसं ती एकदमच देऊन मोकळी होतात. तसं करू नका. सकाळी सगळ्यात आधी उलटीचं औषध. मग अर्धा-पाऊण तास मांजराला त्याच्या जागी शांत पडू द्या. मग दुसरं औषध आणि त्यामागोमाग खाणं, किंवा उलट, चिठ्ठीत असेल तसं.

जठराच्या आतून लेप धरणारं सुक्राल्फेट लिहिलं असेल तर ते रिकाम्या पोटी, आणि बाकीच्या औषधांपासून दोन तास लांब. तो लेप इतर औषधंही अडवून धरतो. जिवाणूंची पुडी म्हणजे प्रोबायोटिक आणि अँटिबायोटिक यांच्यातही दोनेक तासांचं अंतर ठेवा, नाहीतर एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्या हाताने मारायचं असा प्रकार होतो. हे सगळं डोक्यात राहत नाही. फ्रिजच्या दारावर कागद लावा आणि दिलेल्या औषधापुढे वेळ लिहा. घरात दोन माणसं औषध देणारी असली तर हा कागद हवाच, कारण ‘मला वाटलं तू दिलंस’ आणि ‘मीही दिलं, तूही दिलंस’ दोन्ही वाईट.

धरायचं कसं

सगळं तयार झाल्यावरच मांजराला आणा. गोळी कापून वाटीत, सिरिंजमध्ये ५ मिली पाणी, दुसऱ्या सिरिंजमध्ये पातळ औषध, जुना जाड टॉवेल अंथरलेला. नखं आदल्या दिवशी कापलेली असली तर उत्तम. पलंगाखाली शिरलेल्या मांजराला पाय धरून ओढून काढणं म्हणजे पुढच्या सगळ्या डोसांची वाट लावणं, म्हणून बेडरूमचं दार आधीच बंद करा. जिथे ते जेवतं किंवा झोपतं ती जागाही औषधासाठी वापरू नका. जमिनीवर, किंवा वॉशिंग मशीनवर न घसरणारं पायपुसणं टाकून, बरं पडतं.

एकटं असाल तर माझी पसंती जमिनीला. गुडघे टेकून, पाय थोडे फाकवून बसा. मांजर दोन्ही मांड्यांच्या मध्ये, त्याचं तोंड पुढे, पाठ तुमच्याकडे. तोंडाजवळ काही आणलं की मांजर मागे सरकतं, आणि मागे तुम्ही असता. समोरासमोर बसून औषध द्यायला गेलं तर त्याला मागे सरकायला अख्खी खोली मोकळी असते.

टॉवेलमध्ये गुंडाळायचं असेल तर मांजराला टॉवेलच्या मध्यावर ठेवा, एक बाजू मानेखालून घट्ट फिरवून पाठीवर आणा, मग दुसरी. पुढचे पंजे आत गेलेच पाहिजेत. मानेपाशी घट्ट आणि पोटापाशी सैल, कारण ते पोट दुखरं आहे. पोटाखाली हात घालून दाबून धरणं टाळा, तेवढ्याने ओकारी येते. मानेची कातडी धरून लटकवणं तर नकोच. पिल्लाची आई पिल्लाला तसं उचलते हे खरं, पण मोठ्या मांजराला त्याने भीती वाटते, आणि घाबरलेलं मांजर चावतं.

गोळी

१. डावा हात मांजराच्या डोक्यावर वरून ठेवा. अंगठा एका गालफडावर, मधलं बोट दुसऱ्या. मिशा बोटांखाली ओढल्या जाणार नाहीत हे बघा.

२. डोकं मागे कलवा, नाक वर छताकडे. खालचा जबडा आपोआप थोडा सैल पडतो.

३. उजव्या हाताच्या अंगठा आणि पहिल्या बोटात गोळी. मधल्या बोटाने खालचे पुढचे छोटे दात हलकेच खाली दाबा.

४. गोळी जिभेच्या मध्यावर, जमेल तितकी मागे टाका. बाजूला पडली की ती गालात लपते आणि पाच मिनिटांनी सोफ्याखाली सापडते.

५. तोंड बंद करून नाक पुन्हा सरळ रेषेत आणा, गळ्यावरून खाली हात फिरवा. मांजराने नाक चाटलं म्हणजे गोळी गेली.

६. सिरिंजने ५-६ मिली पाणी, थोडं थोडं, गालातून.

ही सहावी पायरी लोक सोडून देतात आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. नुसती कोरडी गोळी बऱ्याचदा अन्ननलिकेतच अडकून राहते. डॉक्सिसायक्लिन किंवा क्लिंडामायसिन या अँटिबायोटिकची गोळी तशी अडकली तर तिथे जखम होते, जखम भरताना नळी आकसते, आणि मग मांजराला घास गिळता येत नाही. जुलाबांवर उपचार सुरू करून अन्ननलिकेचं दुखणं विकत घेतल्यासारखं होतं. बरं वाटत असलेलं मांजर पाण्याऐवजी चमचाभर पातळ खाणं लगेच चाटत असेल तर तेही चालतं. लोण्याचं बोट मात्र आत्ता नको, स्निग्ध पदार्थ बिघडलेल्या पोटाला जड.

बोटं तोंडात घालायची भीती वाटत असेल तर मऊ टोकाची, दांड्याची गोळी-सोडणी मिळते. दुकानात ‘पिल पॉपर’ म्हणून मागा. गोळी कडू असेल किंवा दोन-तीन तुकडे एकदम द्यायचे असतील तर मेडिकलमधून जिलेटिनच्या रिकाम्या कॅप्सूल आणा, सगळ्यात लहान मिळतील त्या. तुकडे आत, बाहेरून पाण्याचं बोट, म्हणजे ती तोंडात चिकटत नाही. कॅप्सूलनंतरचं पाणी तर अजिबात विसरू नका.

पातळ औषध

बाटली हलवा. औषध फ्रिजमधलं असेल तर भरलेली सिरिंज मिनिटभर मुठीत धरा. इथे डोकं मागे कलवायचं नाही, हा गोळीपेक्षा मुख्य फरक. डोकं सरळ, सिरिंजचं टोक सुळ्याच्या मागे गालाच्या पिशवीत, रोख जिभेकडे आडवा. घशाकडे रोखून पिचकारी मारलीत तर औषध श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. अर्धा मिली सोडा, गिळू द्या, मग पुढचा अर्धा. खोकला आला तर लगेच थांबा आणि डोकं खाली मोकळं सोडा.

मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक दिल्यावर बहुतेक घरांतून डॉक्टरांना घाबरलेला फोन जातो: तोंडाला फेस येतोय, लाळेच्या तारा लोंबताहेत, मांजर डोकं झटकत घरभर पळतंय. ही विषबाधा नाही, ते औषध कमालीचं कडू आहे. थोडं पाणी किंवा चिकनचं पाणी गालात सोडा, काही मिनिटांत थांबतं. या औषधाची गोळी कुटून पाण्यात कालवण्यापेक्षा कॅप्सूलमध्ये घालून देणं दोघांच्याही भल्याचं. तोल जाणं, डोळ्यांची बुबुळं सतत हलणं असं काही दिसलं तर मात्र ते चवीमुळे नाही. औषध थांबवून डॉक्टरांना फोन करा.

औषध ओकलं तर

परस्पर दुसरा डोस देऊ नका. ओकारीत गोळी अख्खी दिसते का बघा, घड्याळ बघा, आणि फोनवर नेमकं सांगा: “डॉक्टर, आठ वाजता गोळी दिली, दहा मिनिटांत ओकली. गोळी तशीच पडलीय. परत देऊ का?” यावर डॉक्टरांना निर्णय घेता येतो. ‘औषध टिकत नाहीये’ एवढ्यावर येत नाही. तासाभरानंतर ओकलं तर औषध बरंचसं रक्तात गेलेलं असू शकतं, तेव्हा दुसरा डोस म्हणजे दुप्पट डोस. सलग दोन डोस ओकले तर इंजेक्शनचा मार्ग विचारा.

खाण्यात लपवणं: केव्हा चालतं

मळमळ थांबली आणि मांजर स्वतःहून वाटीकडे आलं, तेव्हा. तोवर नाही. त्यातही रोजचं खाणं किंवा डॉक्टरांनी पोटासाठी दिलेलं खास खाणं यात औषध कालवू नका, त्या खाण्याचीच धास्ती बसली तर पुढे उपासमार. उकडलेल्या चिकनच्या किंवा ओल्या पाऊचमधल्या खाण्याच्या वाटाण्याएवढ्या तीन गोळ्या करा. पहिली नुसती, दुसरीत औषध, तिसरी नुसती, आणि तिन्ही पाठोपाठ. तिसरी समोर दिसत असली की दुसरी चावत बसायला मांजराला सवड नसते.

वाटीत काय

चिकन बिनमिठाचं, हळदीशिवाय, हाडं काढून, नुसत्या पाण्यात उकडलेलं. कांदा-लसूण घातलेल्या सूपमधला तुकडा धुऊन दिला तरी चालत नाही, कांद्या-लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. दूध नको. बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही आणि जुलाब वाढतात. दहीभात आपल्याला लागू पडतो, मांजराला भाताचा काही उपयोग नाही. कोकणात हमखास पुढे येते ती सुकट किंवा सुका बोंबील मिठामुळे नको. खाणं कोमट करा म्हणजे वास सुटतो. एका वेळी चमचा-दोन चमचे, दिवसातून पाच-सहा वेळा.

‘पोटाला आराम’ म्हणून मांजराला उपाशी ठेवू नका. पिल्लाला तर नाहीच. मोठं, विशेषतः लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साचायला लागते आणि कावीळ होते, आणि मूळच्या जुलाबांपेक्षा ते निस्तरणं अवघड जातं. याचा अर्थ मळमळणाऱ्या मांजराच्या तोंडात घास कोंबायचा असाही नाही. खात नसेल तर भूक का नाही हे डॉक्टरांना विचारायचं.

चावणं, साफसफाई

मांजराचे दात सुईसारखे असतात, जखम दिसते टिचभर पण जंतू खोल जातात. चावलं किंवा रक्त येईल असं ओरखडलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी स्वतःच्या डॉक्टरकडे जा. रेबीजच्या लशीचा निर्णय तिथे होऊ द्या, ‘घरचंच मांजर आहे’ म्हणून टाळू नका.

जुलाब असेतोवर लिटर दिवसातून दोनदा उपसा, हात साबणाने धुवा, बाकीच्या मांजरांचं लिटर वेगळं ठेवा. फरशी फिनेलने पुसू नका. ओल्या फरशीवरून मांजर चालतं, पंजे चाटतं, आणि त्यातले फिनॉलचे अंश त्याच्या यकृताला झेपत नाहीत. पॅनल्युकोपेनिया निघाला असेल तर घरी वापरायच्या ब्लीचचा १ भाग आणि पाण्याचे ३२ भाग असं द्रावण दहा मिनिटं ठेवून, मग स्वच्छ पाण्याने पुसून, वाळल्यावरच मांजराला तिथे सोडा. हा विषाणू घरात महिनोन्‌महिने टिकतो. लस न घेतलेलं नवं पिल्लू आणायची घाई करू नका.

सोसायटीतली मांजरं

खाणं घालता म्हणून ती हात लावू देतात, पण जबडा उघडू देतीलच असं नाही. अंगणातल्या मांजराला गोळी तोंडात घालायला जाऊ नका. पिंजऱ्यात घेऊन दवाखान्यात नेणं जमत असेल तर डॉक्टरांना सांगा की रोज धरता येणार नाही, म्हणजे शक्य तिथे इंजेक्शनने काम भागवता येतं. ते जमत नसेल आणि मांजर खात असेल, तर वर सांगितलेल्या तीन घासांचा उपाय, तोही बाकीची मांजरं बाजूला करून. नाहीतर औषध नेहमी सगळ्यात दांडग्या बोक्याच्या पोटात जातं.

बरं वाटल्यावर

शी घट्ट झाली की औषध बंद, असं नसतं. उलटीचं औषध डॉक्टर बहुधा लवकर थांबवायला सांगतात, जंताचं किंवा जिआर्डियाचं दिलेले सगळे दिवस पूर्ण करायचं, आणि जिआर्डियानंतर शी पुन्हा तपासायची का हे विचारून घ्यायचं. नव्या खाण्यावरून जुन्यावर एकदम उडी नको, आठवडाभरात थोडं थोडं मिसळत या. सिरिंज धुताना दांडा बाहेर काढून धुवा, आत साखरेचं सिरप चिकटून राहिलं की पुढच्या वेळी ती अडकते आणि एकदम सुटते. उरलेल्या गोळ्यांवर मांजराचं नाव, तारीख आणि कशासाठी ते लिहून आपल्या औषधांपासून वेगळ्या डब्यात ठेवा. उघडलेलं अँटिबायोटिकचं सिरप मात्र लेबलवरची मुदत संपली की टाकून द्या.